फोटो प्रिंटर स्वस्त की महाग, हे शाईवरून ठरतं

दिवाळीच्या सवलती लागल्या की ठाण्यातल्या बऱ्याच घरांत फोटो प्रिंटरचा विषय निघतो. घरात शाळेत जाणारं मूल असतं, रात्री दहा वाजता ‘उद्या प्रोजेक्टला फोटो हवेत’ असं कळतं आणि तोवर स्टुडिओची शटरं खाली आलेली असतात. मग चार-पाच हजारांचा प्रिंटर घेऊन टाकू, सहलीचे, बारशाचे फोटोही त्यावरच काढू, असं ठरतं. दुकानात पाहिल्या जातात त्या दोनच गोष्टी, किंमत आणि खोक्यावरचा ‘४८०० डीपीआय’, म्हणजे इंचात किती ठिपके, हा आकडा. या दोन्हींवरून फोटो प्रिंटरचं मोल कळत नाही. ते कळतं शाईवरून.

१९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो काम करत असताना गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. आज अनेक स्वस्त प्रिंटर याच तत्त्वावर चालतात. केसाहून बारीक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब बाहेर ढकलला जातो. दुसरी पद्धत पिझो स्फटिकाची. त्याला वीज दिली की तो वाकतो आणि शाई दाबून बाहेर काढतो. एप्सनचे प्रिंटर या पद्धतीचे.

हा थेंब साधारण दोन पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा लाख कोटीवा भाग. अशा थेंबाचा व्यास जेमतेम १६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १६ हजारांश भरतो. चार बाय सहा इंचांच्या फोटोला चौरस मीटरला १० मिलिलिटर या ढोबळ हिशेबाने ०.१५५ मिलिलिटर शाई धरली, तर एका फोटोत पावणेआठ कोटी थेंब पडतात. चार-पाच हजारांच्या यंत्राने हे काम मिनिटा-दोन मिनिटांत करावं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता त्या डीपीआयकडे या. एका इंचाचे ४८०० भाग केले तर एक भाग पाच मायक्रॉनचा. थेंबच मुळात १६ मायक्रॉनचा आणि कागदावर पडला की पसरून आणखी मोठा. म्हणजे हा आकडा थेंब किती बारीक अंतरावर टाकता येतात ते सांगतो. फोटोत तेवढा तपशील दिसेल असं सांगत नाही. शिवाय हातभर अंतरावरून डोळ्याला इंचात ३०० च्या आसपासच ठिपके वेगळे ओळखता येतात. त्या मापाने चार बाय सहाच्या फोटोला साडेएकवीस लाख पिक्सेल पुरतात. कुठल्याही साध्या मोबाइलचा कॅमेरा याहून कितीतरी जास्त देतो.

खरा कस लागतो तो फिकट रंगांत. साध्या प्रिंटरकडे गुलाबी शाई नसते. मॅजेन्टा म्हणजे किरमिजी शाईचे ठिपके विरळ टाकून, मधला कागद पांढरा ठेवून तो गुलाबी रंगाचा भास निर्माण करतो. दुकानात नमुना प्रिंट मागा आणि भिंगातून बाळाचा गाल किंवा फिकट आकाश पाहा. मोठ्या थेंबांचा प्रिंटर असेल तर गालावर निळे-लाल ठिपके सुटे सुटे दिसतात आणि नुसत्या डोळ्यांनाही त्वचा खरखरीत वाटते. सहा रंगांच्या अनेक फोटो प्रिंटरमध्ये फिकट सायन (हिरवट निळा) आणि फिकट मॅजेन्टा अशा दोन जादा शाया असतात, त्या नेमक्या याच जागी उपयोगी पडतात. चार रंगांचाच घ्यायचा तर थेंब किती पिकोलिटरचा, हे विचारा. आणि एक कृष्णधवल फोटोही छापून घ्या. दोन कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईच्या दोन डब्यांच्या, कितीतरी प्रिंटरांत काळी शाई चकचकीत फोटो कागदावर वापरलीच जात नाही, काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून होतो. मिश्रण चुकलं की आजोबांचा जुना फोटो हिरवट नाहीतर तपकिरी छापून येतो.

खर्चाचा हिशेब मात्र घरी बसून करावा. समजा रंगीत कार्ट्रिज ९०० रुपयांचं आणि त्यात सहा मिलिलिटर शाई. मिलिलिटरला १५० रुपये, म्हणजे वरच्या हिशेबाने एका फोटोची शाई २३ रुपयांची. कागद वेगळा. त्यात तिन्ही रंग एकाच डबीत असल्याने समुद्राचे फोटो काढून निळा संपला की उरलेले दोन रंगही फेकावे लागतात. इंक टँक म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर; त्याची ७० मिलिलिटरची बाटली ४२० रुपयांना धरली तर तीच शाई फोटोमागे रुपयाच्याही आत येते. टँकचं यंत्र सात हजारांनी महाग असेल, तर सुमारे ३२० फोटोंनंतर ते पैसे वसूल होतात. आपल्या दुकानातले भाव घालून हा हिशेब करून पाहा. खोक्यावरच्या ‘इतकी पानं’ या आकड्यावर फोटोंचा अंदाज बांधू नका. तो कागदपत्रांच्या ठरावीक नमुना पानांवरून, सलग छपाई करून काढलेला असतो.

सलग छपाई घरात होत नाही, आणि तिथेच स्वस्त प्रिंटर महाग पडायला लागतो. शाईत बहुतांश पाणी असतं. प्रिंटर महिनाभर पडून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी ते उडून जातं आणि शाई घट्ट होते. मग यंत्र क्लीनिंग करतं, म्हणजे पंपाने शाई ओढून आतल्या स्पंजात सोडून देतं. फोटो एकही निघत नाही, कार्ट्रिज मात्र उतरतं. आपल्याकडे भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे, पण प्रिंटरला ती बाधते. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड, म्हणजे शाईची छिद्रं असलेला भाग, कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं. छपाई चालू असताना भिंतीवरूनच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि वाळतं. ज्या कार्ट्रिजमध्येच हेड असतं, तिथे नव्या कार्ट्रिजबरोबर नवं हेड मिळतं. हेड यंत्रात पक्कं बसवलेलं असेल तर दुरुस्ती प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. घेण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारा.

टिकण्याचं काय? स्वस्त प्रिंटरची रंगीत शाई बहुधा डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. ती चमकदार दिसते, पण तिचे सुटे रेणू ऊन आणि ओझोन यांना लवकर बळी पडतात. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात; वरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो. ओझोन काही फक्त आकाशात उंचावर नसतो. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडलं की तो जमिनीलगतही तयार होतो, आणि घोडबंदर रोडच्या किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना धूर आणि ऊन दोन्ही भरपूर मिळतात. लगेच वाळणाऱ्या फोटो कागदाच्या थरात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांतून हा वायू थेट रंगापर्यंत पोचतो. जुन्या सायन शाया आधी उडायच्या आणि फोटो नारिंगी पडायचे. नव्या शाया सुधारल्या आहेत, तरी भिंतीवर लावायचा फोटो काचेखालीच हवा. फ्रेम करण्याआधी तो एक दिवस उघडा वाळू द्या, नाहीतर शाईतलं ग्लायकॉल काचेच्या आतून धुरकट थर धरतं. पावसाळ्यात कागदाचं पाकीट काम झाल्याबरोबर बंद करा. दमट कागद वळतो आणि रंग पसरतात.

स्टुडिओतल्या लॅबमध्ये फोटो अजूनही बऱ्याच ठिकाणी सिल्व्हर हॅलाइड, म्हणजे चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या प्रकाशसंवेदी कागदावर निघतो. त्यात रंग जिलेटिनच्या थरांच्या आत तयार होतो, त्यामुळे हवा त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही, आणि ठिपकेही नसतात. म्हणून माझं मत असं आहे की वर्षाला पन्नास-साठच फोटो काढणाऱ्या घराने अल्बमसाठी लॅबच गाठावी. दर आठवड्याला रंगीत काहीतरी छापलं जात असेल तर टँकचा प्रिंटर घ्यावा, जमल्यास सहा रंगांचा. आणि कार्ट्रिजचा चार हजारांचा प्रिंटर घ्यायचाच असेल तर तो प्रोजेक्टसाठी, साध्या कागदावर, आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान काढायच्या तयारीने घ्यावा.