मूत्रमार्गातील अडथळा : रुग्ण कितपत बरा होतो

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी शरीराबाहेर पडेपर्यंतच्या वाटेत कुठेही आडकाठी आली, की तिला मूत्रमार्गातील अडथळा म्हणतात. बोलीभाषेत आपण ‘लघवी तुंबली’ म्हणतो, पण ते मूत्राशयाच्या खालच्या अडथळ्यालाच लागू पडते. वरच्या मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, खडा अडकला, तर दुसरे मूत्रपिंड काम करत राहते आणि लघवी रोजच्यासारखी होते. रुग्ण बेसावध राहतो तो इथेच.

खडा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मूत्रनलिकेचे (मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीचे) आकुंचन, गर्भाशयमुखाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग आणि लहान मुलांतील जन्मजात दोष ही नेहमीची कारणे. पुढे काय होणार हे कारणाइतकेच आणखी काही गोष्टींवर ठरते: अडथळा पूर्ण की अर्धवट, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, मागे साठलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो किती दिवसांचा आहे. कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगांत एक मूत्रवाहिनी पूर्ण बंद करून नंतर मोकळी केली गेली. आठवड्याने मोकळी केली तेव्हा मूत्रपिंडाचे कार्य पूर्ववत झाले. दोन आठवड्यांनी सुमारे ७० टक्के परतले, चार आठवड्यांनी सुमारे ३० टक्के, आणि सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. माणसाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि अर्धवट अडथळ्यात ऱ्हास बराच संथ असतो. पण दिशा हीच.

दुखणे थांबले म्हणजे खडा पडला, हा समज रुग्णाचे सर्वाधिक नुकसान करतो. खडा अडकल्यावर मूत्रपिंड ताणले जाते म्हणून कळा येतात. काही काळाने त्याचा रक्तपुरवठा घटतो, लघवी कमी बनते, आतला दाब उतरतो आणि कळाही शमतात. अडथळा मात्र तिथेच असतो. खडा बाहेर आलेला स्वतः पाहिला नसेल, तर पुन्हा सोनोग्राफी करायलाच हवी. अहवालातल्या ‘हायड्रोनेफ्रोसिस’ या शब्दाचे भाषांतर दवाखान्यात ‘किडनीला सूज’ असे केले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, सूज आहे म्हणजे गोळीने उतरेल. वास्तविक ते लघवी साठून मूत्रपिंडाचे फुगणे आहे. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साठणारे टाकाऊ द्रव्य) वाढलेले असताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी तर मूत्रपिंडाला आणखी इजा होऊ शकते.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, दहाच्या वरचे क्वचितच. डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे वाट पाहतात, तीही ताप नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तरच. कुळथाचे कढण किंवा पानफुटीचे पान घरोघरी दिले जाते. त्या भरवशावर तपासणीविना दोन-तीन महिने गेले, तर ते मूत्रपिंडाच्या खात्यातून जातात. थंडी वाजून ताप आला, तर थांबण्याचा प्रश्नच नाही. कोंडलेल्या भागात प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची मऊ नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून वाट मोकळी करावी लागते, खडा नंतर काढतात. इथे काही तासांची दिरंगाईही जिवावर बेतू शकते.

प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या माणसाला कॅथेटर (मूत्राशयातून लघवी काढणारी नळी) घातला की आराम पडतो आणि बहुधा काही दिवसांत क्रिएटिनीन उतरू लागते. काहींना मात्र त्यानंतर तासाला २०० मिलिलिटरहून अधिक लघवी होऊ लागते. तेव्हा पाणी आणि क्षार यांवर लक्ष ठेवावे लागते. मूत्राशय वर्षानुवर्षे ताणले गेले असेल, तर त्याचा स्नायू दुबळा राहतो आणि शस्त्रक्रियेनंतरही काहींना दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. मुलांमधील मूत्रपिंड-मूत्रवाहिनी सांध्याच्या अडथळ्यात शस्त्रक्रिया दहापैकी नऊहून अधिक जणांत यशस्वी होते. कर्करोगाने दोन्ही मूत्रवाहिन्या दाबल्या असतील, तर वाट मोकळी करूनही आयुष्य मूळ रोगाच्या अवस्थेवर ठरते.

ठाणे आणि नवी मुंबईत सोनोग्राफी हाकेच्या अंतरावर मिळते, त्यामुळे निदान अडत नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय ही इथली सार्वजनिक रुग्णालये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियाही येतात. अडते ते पुढच्या पाठपुराव्यात. भट्टी-बॉयलरजवळ घाम गाळणारा कामगार आणि स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून घोटभर पाणीही टाळणारी, लोकलने ये-जा करणारी बाई, दोघांची लघवी घट्ट होते आणि खड्याचा धोका वाढतो.

पाठपुराव्यातला मुख्य मुद्दा स्टेंट. ही साधारण वीतभर लांबीची मऊ नळी, दोन्ही टोकांना वेटोळे. एक टोक मूत्रपिंडात, दुसरे मूत्राशयात. ती काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असते. बरे वाटू लागलेला माणूस गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जातो, कार्ड इथल्या खोलीत राहते आणि तारीख टळते. स्टेंट साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. विसरलेल्या नळीवर क्षारांचे थर चढतात. मग एका सोप्या प्रक्रियेऐवजी दोन-तीन शस्त्रक्रिया लागतात, आणि क्वचित मूत्रपिंडही जाते. घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ती तारीख नोंदवून ठेवणे हा यावरचा खात्रीचा उपाय.

अडथळा दूर झाल्यावर क्रिएटिनीन, लघवी आणि रक्तदाब तपासत राहावा लागतो. शंका असल्यास काही महिन्यांनी डीटीपीए स्कॅन करून दोन्ही मूत्रपिंडांचा कामातला वाटा मोजतात. खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो, म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगतात. एखाद्या मूत्रपिंडाचा वाटा दहा टक्क्यांखाली गेला असेल आणि त्यात वारंवार संसर्ग होत असेल, तर ते काढण्याचा विचार होतो. दुसरे निरोगी असले, तर त्या एकावर माणूस वर्षानुवर्षे नेहमीचे आयुष्य जगतो.