मांडवाखालचे जुने छोटे ट्रॅक्टर : पार्श्वभूमी

द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) यांच्या मधला पावसाळा म्हणजे नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या ट्रॅक्टर गॅरेजांची सुगी. बागेत त्या काळात काम नसते असे नाही. पण यंत्र आठ-पंधरा दिवस खोलून ठेवायला सवड असते ती तेव्हाच. गोडी छाटणी सुरू झाली की रोज नाहीतर दिवसाआड फवारणी, आणि तेव्हा ट्रॅक्टर बंद पडणे परवडत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये इंजिने बांधली जातात, म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडली जातात. यातले बरेचसे ट्रॅक्टर 18-20 एचपीचे, वीस-पंचवीस वर्षे वापरलेले, काही त्याहूनही जुने. ते अजून चालतात यामागे हौस थोडी आणि गरज जास्त आहे. गरज कशी तयार झाली ते पाहायचे तर ट्रॅक्टरइतकेच वेली चढवायच्या तारांच्या मांडवाकडेही पाहावे लागते.

फार मागे जायचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशातले ट्रॅक्टर आयातच होत. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये फरिदाबादला बाहेर पडला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई, मद्रास, पिंजोर, मोहाली इथे कारखाने उभे राहिले. रशियन डीटी-14, बी-275, झेटॉर 2511, स्वराज 724 ही नावे जुन्या शेतकऱ्यांना आजही पाठ आहेत. हे सगळे गव्हाच्या मोकळ्या रानासाठी आलेले. नांगरटीला उत्तम, पण द्राक्षाच्या मांडवाखाली शिरायची सोय त्यांच्यात नव्हती. त्यामुळे नाशिकच्या बागेत बरीच वर्षे बैल, पाठीवरचा पंप आणि पुढे जास्त दाबाच्या एचटीपी पंपाची रबरी नळी ओढणारी माणसे एवढेच यांत्रिकीकरण होते.

अमेरिकेत याच सुमारास वेगळीच गोष्ट घडत होती. व्हील हॉर्स 1946 पासून, कब कॅडेट 1961 मध्ये, जॉन डिअरचा 110 हा 1963 मध्ये असे छोटे गार्डन ट्रॅक्टर घरामागच्या अंगणासाठी बाजारात आले. उन्हाळ्यात गवत कापायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, पानगळीत पाला गोळा करायचा. आज तिकडे तेच ट्रॅक्टर जुने म्हणून हौसेने दुरुस्त केले जातात. नाशिकचा छोटा ट्रॅक्टर आकाराने त्यांच्या जवळपासचा असला तरी त्याची वंशावळ जपानी आहे. तो जपानच्या भातखाचरांसाठी घडला होता.

1967 मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या एका कंपनीने जपानी मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवायला सुरुवात केली. टिलर बागेत शिरायचा, पण त्याच्यामागे दिवसभर चिखलातून चालणे म्हणजे बैलाच्या औतापेक्षा जास्त दमछाक. त्याच घराण्यातून 1980 च्या दशकात चार चाकांचा, बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आला. मित्सुबिशी शक्ती एमटी 180 डी या नावाने तो घराघरात पोचला. तीन सिलिंडर, 900 सीसी, साडेअठरा एचपी, पाण्याने थंड होणारे इंजिन, पुढे 5-12 आणि मागे 8-18 मापाची चाके, आणि चारही चाकांना जोर. हे शेवटचे फार महत्त्वाचे. ठिबकखालची ओली जमीन, त्यात छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस, आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येण्याआधी फवारा मारायची घाई. मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर अशा वेळी जागेवरच चाके फिरवत बसतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाच्या वेळी झालेल्या पावसाने ज्यांच्या बागा फुलोऱ्यात सापडल्या, त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

आता मांडव. आडव्या तारांचा मांडव साधारण सहा ते सात फुटांवर, दोन ओळींत आठ फुटांचे अंतर, त्यातून खोड आणि बोदाची (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्याची) जागा वजा केली की वाट उरते जेमतेम पाच-साडेपाच फुटांची. पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर त्यात घातला तर मडगार्ड ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) घासते आणि वर चालवणाऱ्याचे डोके काड्यांत जाते. एकदा अँगल रोवून, तारा ओढून मांडव उभा केला की तो पुढची दहा-पंधरा वर्षे हलत नाही. म्हणजे लागवडीच्या दिवशी दोरी धरून जे अंतर ठरले, त्यानेच पुढे कोणता ट्रॅक्टर घ्यायचा हे ठरवले. कंपन्यांच्या जाहिरातींना यात फारसे श्रेय देता येणार नाही.

मांडवासाठी या ट्रॅक्टरमध्ये जे फेरबदल झाले ते इथल्याच गॅरेजांनी केले. उभा सायलेन्सर कापून बाजूला किंवा खाली वळवणे हा पहिला, नाहीतर कोवळी पाने करपतात. पुढे बोनेटपासून डोक्यावरून मागे जाणारी वाकवलेली पाइप, म्हणजे लोंबणाऱ्या काड्या आपोआप बाजूला सरतात. ब्लोअर (पंख्याच्या जोराने औषध उडवणारे फवारणी यंत्र) आल्यावर मागच्या लिंकेजला, म्हणजे अवजार जोडायच्या जागेला, जादा पट्ट्या. ब्लोअरने काम झपाट्याने होऊ लागले, पण साडेअठरा एचपीच्या इंजिनाला मोठा पंखा आणि भरलेली टाकी एकदम ओढताना दम लागतो. पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे) फेरे टिकवायला रेस चढवून ठेवावी लागते. मुळात रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे फिरते अवजार) आणि हलक्या मशागतीसाठी बनलेली ही यंत्रे गेली कित्येक वर्षे वरच्या रेसवर तासन् तास चालत आली आहेत. ट्रॅक्टर लवकर दुरुस्तीला येतो त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण मोरचूद. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातला मोरचूद (कॉपर सल्फेट) लोखंडावर बसला की तांबे लोखंडाची जागा घेते आणि लोखंड खाल्ले जाते. बागेतला जुना ट्रॅक्टर ओळखायचा तर मागच्या मडगार्डची आतली बाजू पाहावी. निळसर-हिरवी पापडी, तिच्याखाली भुगा झालेला पत्रा, आणि पान्यात धरताच गोल होणारे नट. बॅटरीच्या पेटीखालची वायरिंग बहुतेक वेळा एकेका जोडाला कुजलेली असते. म्हणून इथला जाणता मिस्त्री इंजिनाला हात घालण्याआधी ट्रॅक्टर धुऊन घेतो, मागचा भाग उघडा करून बघतो, आणि मगच भाव सांगतो. लायनर-पिस्टन बदलणे, हेड फेस करणे, पंप-नोझल टेस्टिंगला पाठवणे ही कामे ठरलेली. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे नाशिकला लेथवाल्यांची कधी वानवा पडली नाही. बुश, पिन, शाफ्ट असे जे मिळत नाही ते वळून मिळते. पुढच्या अ‍ॅक्सलमधले बेव्हल गिअर मात्र तसे वळून होत नाहीत. ते खराब निघाले की अनेक जण पुढची चाके सोडवून टाकतात आणि ट्रॅक्टर दोन चाकांवर चालवतात. ज्या गुणासाठी तो घेतला, तोच काढून टाकायचा. ही दुरुस्ती म्हणायची की तडजोड, हा प्रश्न विचारला तर मिस्त्री हसतो.

या सगळ्यापेक्षा जास्त गोंधळ घातला तो कागदाने. ‘पंधरा वर्षे झाली की ट्रॅक्टर भंगारात’ ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिची वाट मागे शोधत जायला हवी.

कायदा तसा साधा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे आणि त्यातच तो बिगर-वाहतूक वाहन आहे असे स्पष्ट म्हटले आहे. बिगर-वाहतूक वाहनाची नोंदणी 15 वर्षांची. मुदत संपली की तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. 15 हा आकडा नोंदणीचा आहे, यंत्राच्या आयुष्याचा नाही. पण दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर बंदी आली तेव्हा पहिली कुजबुज सुरू झाली. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात वाहन मोडीचे धोरण जाहीर झाले. त्यात खासगी वाहनांची तपासणी 20 वर्षांनी आणि व्यावसायिक वाहनांची 15 वर्षांनी, अशी भाषा होती. ट्रॅक्टर यातल्या कोणत्या खान्यात बसतो हे गावात कुणी सांगितले नाही. तो शेतकऱ्याचा म्हणजे खासगी, की भाड्याने फवारणीला जातो म्हणून व्यावसायिक? त्याच वर्षाच्या जानेवारीत हरित कराचा जो प्रस्ताव आला होता त्यातून ट्रॅक्टर, टिलर, हार्वेस्टर वगळलेले होते, पण ही ओळ कुणाच्या कानावर गेली नाही. पुढे 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द करायचा नियम आला आणि ‘सरकारी’ हा शब्द गळून बाकीची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. जानेवारी 2023 मध्ये केंद्राला खुलासा करावा लागला, की ट्रॅक्टर मोडीत काढण्याची सक्ती नाही आणि काही सरकारी वाहने सोडली तर कोणत्याच वाहनाला वयाची अट घातलेली नाही.

खुलासा आला खरा, पण तोवर व्यापाऱ्यांनी आपले साधून घेतले होते. ‘पंधरा वर्षे झाली, आता याला कोण विचारतो’ या एका वाक्यावर चालू स्थितीतले ट्रॅक्टर भंगाराच्या जवळपासच्या भावात गेले, आणि रंग मारून, टायर बदलून दुसऱ्या तालुक्यात विकले गेले. ज्या धोरणाचा ट्रॅक्टरशी संबंधच नव्हता त्याने जुन्या ट्रॅक्टरचा भाव पाडला. धोरण आखणाऱ्यांचा तसा हेतू नसेल, पण ते जाहीर करताना शेतीच्या वाहनांबद्दल एक सरळ वाक्य बोलायला हरकत नव्हती.

नोंदणीचे नूतनीकरण मुळात हवे कशाला, असा दुसरा वाद आहे. बागेच्या कुंपणाबाहेर न जाणाऱ्या ट्रॅक्टरला आरसी (नोंदणीचा दाखला) कशाला, असे अनेक बागायतदार विचारतात आणि बंदिस्त आवाराचा दाखला देतात. कायद्यात ती सवलत आहे, पण केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच खास बनवलेल्या वाहनाला. रस्त्यावर चालण्याजोगा ट्रॅक्टर मालकाने बागेत ठेवला म्हणून तो तसा होत नाही. शिवाय जमिनीचे दोन गट रस्त्याच्या दोन बाजूंना असले की दिवसातून चारदा डांबरी ओलांडावी लागते, आणि त्या वीस फुटांत काही घडले तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसीची तारीख बघते. पासिंग करून घेणे शहाणपणाचे, हे बहुतेकांना पटते. पण ट्रॅक्टर आरटीओपर्यंत नेणे, तपासणी, उशिराचा दंड हे सगळे वीस वर्षांच्या यंत्रासाठी करायचे तर हात आखडतो.

दुरुस्तीची पद्धतसुद्धा याच कागदाने बदलली. आरसीवर चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. दोन मेलेल्या ट्रॅक्टरांतून एक जिवंत करायची पद्धत पूर्वी सर्रास होती: याचे इंजिन, त्याचा गिअरबॉक्स, कुठले तरी बोनेट. असे इंजिन बदलायचे तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत नंबर जुळत नाही आणि प्रकरण अडकते. म्हणून आता जाणकार गिऱ्हाईक मूळ ब्लॉकच वाचवायला सांगतो. तडा गेला तर टाके घालून, लायनर बसवून, प्रसंगी लेथवर दोनदा नेऊन, पण नंबर तोच ठेवून. बाहेरून पाहणाऱ्याला हे जुन्या यंत्रावरचे प्रेम वाटते.

जुलै 2021 च्या विंटेज वाहनांच्या नियमांचाही इथे काही उपयोग झालेला नाही. 50 वर्षांची अट, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, आणि रोजच्या किंवा व्यावसायिक कामाला रस्त्यावर वापरायला मनाई. साठच्या दशकातला एखादा बी-275 कुणी वाड्यापुढे उभा केला असेल तर त्याचे वय बसेल. 1990 च्या एमटी 180 ला अजून बराच काळ आहे, आणि त्याने तर फवारणी करायची आहे.

यांत्रिकीकरणाच्या सरकारी योजनांनी जुन्याला कधी हात दिला नाही. 20 एचपीपर्यंतच्या छोट्या ट्रॅक्टरला अनुदान मिळते ते नव्याला, नंबर लागला तर. इंजिन बांधायच्या खर्चाला एक रुपयाही नाही. जे यंत्र आणखी दहा वर्षे चालू शकते ते दुरुस्त करणाऱ्यालाही थोडा हातभार लावावा असे धोरणकर्त्यांना का वाटले नाही, याचे उत्तर बहुधा नव्या ट्रॅक्टरच्या विक्रीच्या आकड्यांत सापडेल. 2011 नंतर 15 एचपीचे एका सिलिंडरचे नवे छोटे ट्रॅक्टर आले, पुण्या-राजकोटकडूनही अरुंद मॉडेले आली, आणि ज्यांना अनुदान मिळाले त्यांनी ती घेतली. जुन्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र झाली. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचबरोबर ट्रॅक्टरचे टायर आणि बरेचसे सुटे भाग 18 वरून 5 वर आले. मागचे टायर बदलायचे लांबवत बसलेल्यांनी त्यानंतर ते बदलून घेतले.

दरम्यान बागच बदलते आहे. जुना मांडव मोडून वाय पद्धतीवर (इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या आधारांवर) नवी लागवड करणारे दोन ओळींत नऊ-दहा फूट सोडतात. त्यात मोठा ट्रॅक्टर, मोठा ब्लोअर सहज फिरतो आणि छोटा विकायला निघतो. तो घेणाऱ्यांत आता सटाणा-मालेगावकडचे डाळिंबवाले आहेत, आणि गंगापूर-त्र्यंबककडे अर्धा-एक एकर घेऊन बंगला बांधलेले शहरी लोकही. या दुसऱ्या गटाला ब्लोअर नको असतो. पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले गवत कापायचे, झाडांच्या आळ्यांत रोटाव्हेटर फिरवायचा, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढायची, एवढ्यासाठी साडेअठरा एचपी पुरून उरते. ते सहसा रंग आणि टायर बघून भाव करतात. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघणारा गिऱ्हाईक अजून बागाईतदारच असतो.