हेल्मेटला हेल्मेट लागले म्हणजे ‘टार्गेटिंग’ नव्हे

अमेरिकेच्या महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’मध्ये दोन हेल्मेटे आदळली की ‘टार्गेटिंग’च्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लक्ष्य करून धोकादायक धडक दिल्याच्या, गुन्ह्याखाली खेळाडूची सामन्यातून हकालपट्टी व्हायलाच हवी, हा समज चुकीचा आहे आणि त्यावरून पंचांना पक्षपाती ठरवणे अन्यायाचे आहे. एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेच्या नियमानुसार हेल्मेटच्या माथ्याने दिलेली जोरदार धडक छातीवर बसली तरी गुन्हा ठरू शकतो. तसेच झेल घेत असलेल्या, म्हणजे स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या, खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर खांद्याने अथवा कोपराने केलेला जोरदार आघातही त्यातच मोडतो. मात्र दोन्ही प्रकारांत, उसळी घेणे किंवा डोके खाली घालून चाल करणे यांसारखी, नियमानुसार अडवण्यापलीकडे जाऊन प्रतिस्पर्ध्याला लक्ष्य केल्याची खूण दिसावी लागते. हकालपट्टीची शिक्षा 2013 मध्ये आली. 2019 पासून व्हिडिओ तपासणीत यांपैकी एक जरी आवश्यक घटक सिद्ध झाला नाही, तरी निर्णय रद्द होतो.