माजघरातला लॅपटॉप आणि तेरावं चॅनेल

आषाढात गुहागरजवळच्या काकांच्या घरी गेलं की एक तक्रार ठरलेली. "पाऊस लागला की लॅपटॉपचं वायफाय जातं. कधी चार दिवस नीट चालतं, कधी नेटवर्कचं नावच दिसत नाही. फोनला मात्र सगळं दिसतं. मग ह्यालाच काय धाड भरलीय?" लॅपटॉप चुलतभावाने अमेरिकेहून येताना आणलेला, जुना पण धडधाकट. त्यावर विंडोजऐवजी चालणारी उबुंटू लिनक्स ही प्रणाली मीच घालून दिली होती, त्यामुळे कोडं सोडवायचं कामही माझ्याकडेच आलं.

असा शोध घ्यायला लिनक्स मला फार आवडतं. वायफाय लागणं ही एकच घटना दिसत असली तरी आत पाच-सहा पायऱ्या असतात, आणि इथे प्रत्येक पायरीला वेगळं गाठून विचारता येतं. वायफाय कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चढलं का, हे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत दिसतं. चढलं होतं. रेडिओ एखाद्या बटणाने बंद पडलाय का, हे 'आरएफकिल' ही आज्ञा सांगते. तोही चालू होता. मग 'एनएमसीएलआय' या आज्ञेने आसपासची नेटवर्कं मागवली. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्यांचं नेटवर्क आलं, आणि दहा पावलांवर ओटीवर असलेल्या राउटरचं आलं नाही! म्हणजे कार्डाचे कान शाबूत होते, फक्त आपल्याच घरची हाक त्यांना ऐकू येत नव्हती.

फोनवरून राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. चॅनेल, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातला नंबर दिलेला कप्पा, 'ऑटो'वर, आणि त्या घटकेला राउटर १३ नंबरवर बसलेला. लॅपटॉपवर 'आयडब्ल्यू लिस्ट' ही आज्ञा दिली, तेव्हा सगळ्या चॅनेलांची यादी आली. तीत २४७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तेराव्या चॅनेलपुढे, एकच शब्द होता: डिसेबल्ड.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पहिल्या चॅनेलला २४१२ मेगाहर्ट्झवर सुरू होतो आणि पाच-पाच मेगाहर्ट्झच्या पावलांनी पुढे जातो. प्रत्येक चॅनेलला साधारण २० मेगाहर्ट्झ जागा लागते, म्हणून शेजारची चॅनेलं एकमेकांवर चढतात आणि १, ६, ११ ही तीन एकमेकांपासून सुटी राहतात. या पट्ट्यातलं किती वापरायचं, हे प्रत्येक देश ठरवतो. भारतात तेराही चॅनेलं चालतात. अमेरिकेसाठी बनलेली कार्डं सहसा अकरापर्यंतच जातात. लिनक्सजवळ देशोदेशींच्या या नियमांची एक यादी असते. मी देश 'आयएन' असा भरला, पण कार्डाच्या चिपमध्ये कारखान्यातच 'यूएस' कोरलेलं होतं. असे दोन नियम समोर आले की कर्नल दोन्हींना मान्य असेल तेवढंच उघडतो. मला हे योग्य वाटतं. आकाश सगळ्यांचं आहे. एखाद्या मशीनने आपल्या सोयीने त्यात घुसू नये.

मग पावसाचा संबंध काय? संबंध विजेचा होता. पावसाळ्यात तिकडे वीज जाते-येते. प्रत्येक वेळी राउटर नव्याने उठतो, आसपासचा गोंगाट ऐकतो आणि त्यातल्या त्यात शांत चॅनेल निवडतो. निवड सहावर पडली की लॅपटॉप खूश, तेरावर पडली की आंधळा. काकांनी ढग आणि वायफाय यांची जोडी बरोबर पाहिली होती, फक्त मधला दुवा त्यांच्या नजरेआड होता. मी राउटर ११ वर कायम केला आणि लॅपटॉपवर नाव उमटलं.

पण माजघरात वेग रडतखडतच राहिला, आणि इथे मात्र पाण्याचा खरोखर हात होता. हवेतून पडणाऱ्या सरींचा नव्हे. घरातल्या घरात तेवढ्या अंतरावर पाऊस या लहरींना जवळजवळ अडवतच नाही. अडवते ती भिजलेली भिंत. काकांचं घर जांभ्या चिऱ्याचं, दीड फूट जाडीच्या भिंतींचं. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पिऊन राहतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. लहर सेकंदाला सुमारे अडीच अब्ज वेळा मागे-पुढे हेलकावते, तिच्याबरोबर रेणू वळायला बघतात आणि त्या धडपडीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. २.४ गिगाहर्ट्झ हा पाण्याचा खास 'सूर' आहे, असं पुष्कळदा ऐकू येतं. ते खरं नाही. पाण्याचं शोषण त्याहून बरंच वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास, शिगेला पोचतं. म्हणूनच ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ओल्या भिंतीपुढे आणखी लवकर हार मानतं.

हे आकड्यांतही दिसतं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. ओटीवर तो −४५ डीबीएम होता, माजघरात −७८. फरक ३३ डेसिबलचा. दर दहा डेसिबलला दहापट, या हिशेबाने माजघरात पोचणारी शक्ती दोन हजार पटींनी कमी. मी राउटर ओटीच्या कोपऱ्यातून काढून माजघराच्या दाराच्या वर, लाकडी फळीवर ठेवला. लहरींना आता चिऱ्याऐवजी उघडं दार मिळालं आणि आकडा −६२ वर आला. शिवाय लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये, म्हणजे वायफाय जोडून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, या जोडणीचा बँड 'बीजी' केला, म्हणजे लॅपटॉप ५ च्या नादी न लागता २.४ वरच राहील.

पासवर्ड टाकताना काकूंनी विचारलं, "हा असा हवेतून जातो, तर कुणी ऐकत नाही ना?" जात नाही, काकू. लॅपटॉप आणि राउटर चार निरोपांत एकमेकांना सिद्ध करतात की दोघांकडे तोच पासवर्ड आहे; पासवर्ड स्वतः हवेत येतच नाही. मात्र ते निरोप टिपून कुणी निवांत अंदाज बांधत बसू शकतो, म्हणून तो लांबलचक ठेवायचा. काकूंनी मग दारच्या सगळ्या कलमांची नावं एकापुढे एक जोडून पासवर्ड केला.

रात्री नऊला वीज गेली, साडेदहाला आली. राउटर अकरावरच उठला, आणि लॅपटॉप कुणी हात न लावता जोडला गेला.