भाडेकरार संपला, पण नुकसानभरपाईची हमी संपते का?

घर रिकामं केलं, किल्ली दिली की देणं-घेणं संपलं, असं भाडेकरू धरून चालतो. डिपॉझिट परत केलं की आपणही मोकळे, असं घरमालकाला वाटतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मात्र बहुतेक वेळा एक कलम असतं: भाडेकरूमुळे काही नुकसान झालं किंवा कुणी दावा केला, तर भरपाई भाडेकरू करील. हीच इंडेम्निटी, म्हणजे हानिरक्षणाची हमी. करार संपला तरी मुदतीत घडलेल्या गोष्टींपुरती ती साधारणपणे उरते.

समजा, फेब्रुवारीत गीझर बसवताना भाडेकरूकडून भिंतीतल्या पाइपला ड्रिल लागलं. ३१ मार्चला त्याने घर सोडलं. मे महिन्यात खालच्या मजल्याच्या छताला ओल आली आणि तिथल्या लोकांनी दुरुस्तीचे पैसे घरमालकाकडे मागितले. कारण करारकाळातलं, म्हणून घरमालक जुन्या भाडेकरूकडे वसुली मागू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२५ प्रमाणे दाव्यात भरावी लागलेली रक्कम आणि वाजवी कोर्टखर्चही त्यात येतो. तेच ड्रिल एप्रिलमध्ये आलेल्या नव्या भाडेकरूचं असेल, तर जुन्याचा संबंध नाही. रंग फिका पडणं, नळाचा वॉशर झिजणं ही वापराची झीज. तिचे पैसे डिपॉझिटमधून कापणं मला चुकीचं वाटतं.

म्हणून सगळा भार येतो ताब्याच्या तारखेवर. करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्या, पोच ठेवा. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून घर बघा: नळ सोडून, गीझर लावून, बाथरूमच्या भिंतीला हात लावून. ताबा पावतीवर तारीख, वीजमीटरचं रीडिंग, दिलेल्या किल्ल्या आणि दिसलेलं नुकसान लिहा. त्यासोबत नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), राहायला आल्या दिवशीचे फोटो, डिपॉझिटची बँक नोंद आणि दुरुस्तीची बिलं जपा. बिलाशिवाय केलेली कपात कोर्टात टिकवणं अवघड जातं.

घर सोडताना सर्वात जपून लिहायचं ते ‘कोणतंही येणं बाकी नाही’ हे वाक्य. भाडेकरूने ते आग्रहाने लिहून घ्यावं. घरमालकाने मात्र त्यापुढे ‘करारकाळातल्या कारणावरून तिसऱ्या व्यक्तीने केलेले दावे वगळून’ असं जोडावं. नाहीतर वरच्या उदाहरणातली मागणी अडकू शकते. मूळ करारातच ‘मुदत संपल्यावरही हे कलम लागू राहील’ असं घातलेलं बरं. हमी दोन्ही बाजूंनी असावी, असाही आग्रह भाडेकरूने धरावा. मालकाने सोसायटीचा मेंटेनन्स थकवला आणि त्रास राहणाऱ्याला झाला, तर तीच उपयोगी पडते.

पैसे मिळाले नाहीत तर आधी लेखी मागणी, मग दिवाणी दावा. दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं.

कराराची मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर प्रकरण वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली, राहत्या घरासाठी, मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. ताबा मिळेपर्यंत करारातल्या दराच्या दुप्पट भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र दिलं नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. फुटलेल्या पाइपची भरपाई मात्र दिवाणी दाव्यातच मागायची.