बोल्ट सैल होतो तो आडव्या हादऱ्याने

"सहाशे किलोमीटरसुद्धा झाले नाहीत, आणि इंजिनावर तेल?" ओळखीतल्या एका मुलाने परवा अगदी हताश होऊन विचारलं. सायलेन्सरचा एक बोल्टही त्याला नुसत्या बोटांनी फिरवता आला होता. सदोष गाडी आपल्या गळ्यात मारली, अशी त्याची खात्रीच झाली होती. तसं असूही शकतं. पण नव्या गाडीचे बोल्ट सैल होण्यामागे एक फार सुंदर पदार्थविज्ञान आहे.

बोल्ट ही खरं तर स्प्रिंग असते. पाना फिरवला की पोलादाचा दांडा किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच दोन भाग घट्ट धरले जातात. ८ मिलिमीटर जाडीचा नेहमीचा मजबूत बोल्ट २५ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पान्याच्या पिळाच्या जोराने, आवळला, तर ही ओढ दीड टन वजनाच्या आसपास जाते. दाबलेला भाग ४० मिलिमीटर जाड असेल, तर बोल्ट लांबतो मात्र जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतका. आता नव्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे चेपले, बोल्टच्या डोक्याखालचा रंग दबला आणि ०.०१ मिलिमीटर जागा 'बसली', की आठवा हिस्सा ओढ गेली. आखूड बोल्ट मुळात कमी ताणलेला असतो, त्यामुळे त्याचं नुकसान आणखी मोठं. आणि यात बोल्ट फिरलेला नसतोच!

मग तो फिरतो कसा? आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. ८ मिलिमीटरच्या बोल्टवर तो सुमारे ३ अंशांचा असतो. धातूवर धातूचं घर्षण याच्या दुप्पट-तिप्पट उतारावरही वस्तू रोखून धरतं. म्हणजे बोल्ट आपोआप सुटायलाच नको. पण गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला सर्वात घातक असतो तो आडवा हादरा.

उतारावर एक जड खोका ठेवलाय, असं समजा. घर्षणामुळे तो जागचा हलत नाही. आता त्याला बाजूला, आडवा ढकला. तो नुसता आडवा सरकत नाही, तिरका होत खालीही येतो. कारण घर्षण सरकण्याच्या नेमक्या उलट दिशेने लागतं आणि त्याची ताकद मर्यादित असते. ती सगळी आडवं सरकणं अडवण्यात खर्च झाली, तर उताराच्या दिशेने रोखायला जवळपास काहीच उरत नाही. मग ३ अंशांचा उतारही पुरतो. आट्यांमध्ये आणि बोल्टच्या डोक्याखाली एकाच वेळी असं आडवं घसरणं झालं, की बोल्ट अगदी थोडासा उलटा फिरतो. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, इंजिन सेकंदाला शंभर फेरे घेतं, त्यामुळे हे थोडंथोडं फिरणं साचत जातं. मात्र ओढ पुरेशी असेल तर भाग आडवे घसरतच नाहीत. म्हणून आधी जागा बसते, ओढ कमी होते, घसरणं सुरू होतं आणि मग बोल्ट फिरू लागतो. पहिल्या सर्व्हिसिंगला बोल्ट तपासायचे ते यासाठीच.

स्प्रिंग वॉशर, म्हणजे एका जागी कापलेली मुरडलेली चकती, टाकला की बोल्ट सुटत नाही, ही यांत्रिक अंधश्रद्धाच म्हणायला हवी. बोल्टच्या ओढीपुढे तो केव्हाच सपाट होतो आणि उरतो साधा वॉशर. थ्रेड लॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा डिंकासारखा द्रव, खरंच उपयोगी पडतो: हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात तो घट्ट होतो आणि आट्यांमधली फट भरून काढतो. सायलेन्सरच्या उष्णतेत मात्र साधा लॉकर टिकत नाही.

तेलाचंही बरंचसं असंच. कव्हरखालचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारा मऊ थर, दबलं की कव्हरच्या बोल्टची ओढ घटते आणि तेल पाझरतं. आधी इंजिन पुसून कोरडं करा, थोडं चालवा आणि ओल सर्वात वर कुठे दिसते ते पाहा. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागेही जातं. कव्हरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतात, तरी नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. इंजिन थंड असताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. आट्यांना तेल लावलं तर त्याच टॉर्कला ओढ कितीतरी वाढते. फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कड्यातून, म्हणजे ऑइल सीलमधून, गळत असेल, तर बोल्ट आवळून उपयोग नाही.

त्या मुलाला मी प्रत्येक बोल्टवरून शेजारच्या धातूवर जाणारी रंगाची एक रेघ ओढायला सांगितली. रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला. रेघ सरळ असूनही बोल्ट सैल लागला, तर जागा बसली.