दोऱ्याच्या गावातले दागिने : सोलापुरातल्या हाती ओवलेल्या अलंकारांची पार्श्वभूमी

रेझिनमध्ये बुडवलेली झेंडूची पाकळी, भाजलेल्या मातीचे झुमके, खणाच्या तुकड्यावर बसवलेलं ऑक्सिडाइज्ड पदक, बॅगेला लटकवायचं इवलंसं ‘चार्म’. सोलापुरात घरी बसून असे दागिने करणाऱ्या मुली आता गल्लोगल्ली भेटतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं मोबाइलवर बघून शिकलेलं, बाहेरून आलेलं. रसायनं आणि साचे बाहेरून आले हे खरंच आहे. पण बी, शिंपला, काच, माती, धातू अशा एकमेकांशी नातं नसलेल्या वस्तू एका दोऱ्यात आणायच्या आणि अंगावर घालायच्या, हे काम इथे फार जुनं आहे. त्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही, कारण आपण दागिन्याला तोळ्यांत मोजतो. दोरा तोळ्यांत मोजता येत नाही.

सोलापूरच्या उत्तरेला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात दख्खनच्या दोन बाजारपेठा शेजारीशेजारी येतात. पैठणहून अकीकासारखे दगड भडोचच्या बंदरात जात आणि तगरहून कापड. हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून नेत. मला या नोंदीचं फार अप्रूप वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीही मण्यांचा दगड एका गावाचा होता आणि सूत आपल्या बाजूचं होतं.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. तिथे दगडाचे, मातीचे मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, आणि ज्या हस्तिदंती बाहुलीची तुलना इटलीतल्या पाँपेई इथे सापडलेल्या बाहुलीशी केली जाते, तीही तेरचीच. सातवाहनकाळातल्या दख्खनच्या वस्त्यांमध्ये आणखी एक गंमतशीर वस्तू सापडते : रोमन नाण्याच्या नकलेची मातीची पदकं. वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक किंवा कडी. सोन्याचं नाणं गळ्यात घालणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी त्याचा ठसा मातीत उठवला, भाजला आणि दोऱ्यात ओवला. आजची मुलगी सिलिकॉनच्या साच्यात नाण्याची छाप घेते, तेव्हा ती नेमकं हेच करत असते.

नंतरच्या काळात या कामाला स्वतःची माणसं मिळाली. सोनार दागिना घडवतो, पण तो गाठवून देतो तो पटवेकरी. हा शब्द आता कानावरून कमी जातो. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ द्यायचा, मणी ओवायचे, दोन मण्यांच्या मध्ये गाठ अशी बसवायची की सर तुटला तरी सगळे मणी घरंगळू नयेत, आणि शेवटी गोंडा बांधायचा. ठुशी गळ्याला घट्ट किंवा सैल होते ती मागच्या दोरीमुळे. वज्रटीक कापडी पट्टीवर बसवलेली असते. बोरमाळेचा मणी म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा आणि पोटात लाख. म्हणूनच मोड घेताना सोनार लाखेचं वजन वजा करतो. ज्याला आपण ‘अस्सल सोन्याचा पारंपरिक दागिना’ म्हणतो तो उकलून पाहिला, तर सोनं, लाख, कापड, रेशीम असा मिश्र संसार निघतो. मिश्र साहित्याचे दागिने म्हणजे खऱ्या दागिन्यांची स्वस्त नक्कल, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

ज्यांच्या घरी पटवेकरी येत नसे, त्यांच्या दारात सुया-पोत विकणाऱ्या बाया येत. ‘सुया घ्या, पोत घ्या, दाभण घ्या, बिब्बे घ्या’ ही हाळी महाराष्ट्रात ज्याने ऐकली नाही असा साठीचा माणूस विरळा. पोत म्हणजे काचेचे बारीक मणी. त्यांचीही वाट लांबची आहे. तिरुपतीजवळच्या पापनायडूपेट इथे काचेची पोकळ नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून मणी करण्याची जुनी कारागिरी होती. उत्तर प्रदेशातलं पुर्दिलनगर काचेच्या मण्यांसाठीच ओळखलं जातं. इंग्रजी अमलात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, याब्लोनेत्सहून काचेचे मणी आणि बांगड्या जहाजाने हिंदुस्थानात उतरत. गावात काळी पोत घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीत एवढा मोठा मुलूख असे.

चार्म या शब्दाला मराठीत एक शब्द नाही, याचं कारण आपल्याकडे त्याचे खूप प्रकार होते. प्रत्येकाला वेगळं नाव. ताईत वेगळा, टाक वेगळा, जिवती वेगळी, दृष्टमणी वेगळा. बाळ जन्मलं की कमरेला काळा करदोडा, मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यात बजरबट्टू आणि वाघनख. बजरबट्टू म्हणजे ताडाच्या जातीच्या एका झाडाची दगडासारखी कठीण बी. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, कित्येक दशकं वाढल्यावर, आणि फळं पिकली की मरतं. त्याची बी तान्ह्या बाळाच्या गळ्यात बांधायची, हे ज्या कोणाला प्रथम सुचलं त्याने झाडाकडे नीट पाहिलं असणार. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण त्या मनगट्या ओवणाऱ्या आजीच्या बोटांवर आहे. वाघनखाचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खरं नख बाळगणंच गुन्हा ठरत गेलं. आज मिळतं ते चांदीत किंवा प्लास्टिकमध्ये घडवलेलं. आकार तोच राहिला, साहित्य बदललं.

सोलापूर जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास श्रद्धेचे दागिने तर पावलोपावली. पंढरपुरात तुळशीची माळ. वाळलेल्या काष्ठाचे तुकडे करायचे, त्यांना गोलाई द्यायची, भोक पाडायचं आणि ओवायचं, हा काशीकापडी समाजाचा परंपरागत उद्योग. ती माळ गळ्यात पडली की माणूस माळकरी होतो आणि त्याचं खाणंपिणं, बोलणंचालणं बदलतं. वजनाने सगळ्यात हलका आणि परिणामाने सगळ्यात जड असा हा दागिना. तुळजापूरच्या वाटेवर भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ. कवडी समुद्रातली, मुख्यत्वे मालदीवच्या बाजूची. एके काळी चलन म्हणून चालायची. म्हणजे कवड्यांची माळ ही एका अर्थी नाण्यांचीच माळ, आणि मागे सांगितलेल्या मातीच्या पदकांची सख्खी बहीण. लिंगायत घरांत इष्टलिंगाची चांदीची पेटी शिवदारात गळ्यात घालतात. शिवदार म्हणजे दोराच. लिंग आणि देह यांच्यामध्ये सूत.

शहरात जी खास सरमिसळ झाली ती मात्र गिरण्यांमुळे. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. त्याआधीपासून आणि त्यानंतर तेलंगणातून विणकर येत राहिले. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली वस्ती, पेठांमध्ये कानडी बोलणारे लिंगायत, आजूबाजूला मराठी, उर्दू. एका वाड्यात चार भाषा आणि चार तऱ्हेची मंगळसूत्रं. मराठी बाईच्या काळ्या पोतीत दोन वाट्या. तेलुगू शेजारणीच्या गळ्यात हळदीच्या पिवळ्या दोऱ्यात पुस्तेलु, म्हणजे तेलुगू मंगळसूत्राची सोन्याची पदकं, सोबत पोवळं आणि काळे मणी. दोघी नळावर एकत्र उभ्या राहत, तेव्हा एकमेकींच्या दागिन्याची वीण पाहत असणारच. तांड्यावरून बाजाराला येणाऱ्या बंजारा बाया तर आपलं भांडारच अंगावर घेऊन येत : आरसे, कवड्या, चवल्या-पावल्या, शिसं, लोकरीचे गोंडे, आणि दंडापर्यंत चढवलेल्या बलिया, म्हणजे बांगड्या. पूर्वी बलिया हस्तिदंताच्या असत, पुढे हाडाच्या झाल्या, आता प्लास्टिकच्या.

पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव नारळी पौर्णिमेला निघतो. त्या मिरवणुकीत गाडीवर माग ठेवून चालता चालता कापड विणून दाखवतात. त्याच दिवशी राखी असते. कापूस, जरी, स्पंज, मणी, टिकल्या, पुठ्ठा अशा मिश्र साहित्याची, हाती बांधायची वस्तू. विणकरांच्या गावात दोऱ्याचा सण असा दोन्ही अंगांनी साजरा होतो.

या सगळ्याचा कळस म्हणजे संक्रांत. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आपल्या तोंडचा गड्डा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचा जीव जडला, योगी लग्न कसं करणार, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा. आजही संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या याच लग्नाच्या. मिरवणुकीत उंच काठ्यांचे सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, पांढरंशुभ्र झालेलं शहर. कथेतली नवरी कुंभाराची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. मातीच्या घरातली मुलगी आहे ही. लग्न म्हटलं की बाशिंग आलं, आणि बाशिंग हा मिश्र साहित्याचा सगळ्यात थाटाचा नमुना : कागद, बेगड, मणी, मोती, जरी, लोकर, सगळं पुठ्ठ्यावर उभं केलेलं.

त्याच आठवड्यात घरोघरी हलव्याचे दागिने निघतात. हलवा करणं हे संयमाचं काम. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं. घाई केली तर गोळा होतो. आच वाढली तर दाणा पिवळा पडतो. नीट जमलं तर दाण्याला काटा फुटतो, पांढराशुभ्र, टोचरा. मग हा एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून किंवा पुठ्ठ्यावर शिवून हार, बाजूबंद, तोडे, नथ, कंबरपट्टा, मुकुट करायचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते उठून दिसतात. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावर मुकुट आणि हातात बासरी. सण संपला की मुंग्या येण्याआधी ते मोडायचे. एवढी मेहनत घेऊन टिकवायचं नाही असा दागिना जगात फार ठिकाणी नसेल.

सोन्याची बाजूही एकदा सांगितली पाहिजे, कारण तिने या कामाला बाजारपेठ दिली. जानेवारी १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला मनाई झाली आणि देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. १९६८मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९०मध्ये रद्द झाला. त्या काळात गिलिटाच्या दागिन्यांना मान मिळाला. पुढे बेन्टेक्स आलं, एक ग्रॅम सोनं आलं. मधला मारुती, टिळक चौक या भागात लग्नाची खरेदी करताना सराफाच्या पेढीनंतर इमिटेशनच्या दुकानाची पायरी चढणं रीतीचं झालं. ‘खोटा दागिना’ हा शब्द तोंडातच राहिला, पण त्यातला कमीपणा गेला.

मग साहित्य घरात शिरलं. १९५९ साली बाजारात आलेल्या फेविकॉलने एक मोठं काम केलं : ओवता येत नाही ते चिकटवता येऊ लागलं. फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर मळून केलेल्या क्लेची फुलं कित्येक घरांतल्या ओट्यावर झाली. पुढे क्विलिंगच्या कागदी पट्ट्या, रेशमी दोरा गुंडाळलेल्या बांगड्या, ओव्हनमध्ये भाजायचा पॉलिमर क्ले आणि आता रेझिन. रेझिनमध्ये दोन द्रव असतात. ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले नाहीत तर वस्तू चिकट राहते. सोलापूरच्या कडक उन्हात सतत राहिलं तर ते पिवळं पडतं, हे इथल्या प्रत्येक करणारीला पहिल्या उन्हाळ्यात कळतं.

या हातांना सवय कुठली, असं विचारलं तर उत्तर घरातच आहे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांच्या पिढ्या झाल्या. दिवसाला शेकड्यांनी तेच काम, बोटांच्या टोकांनी, नजर दुसरीकडे ठेवून. मागावरचा तुटलेला धागा क्षणात सांधणाऱ्या माणसाच्या नातीने मण्यांमधली गाठ बरोबर घातली, तर नवल नाही. तिच्या कामाला मोल देताना मात्र आपण अजून हात आखडता घेतो. साहित्य पन्नास रुपयांचं, मग दागिना अडीचशेला का, असा प्रश्न तिला ऐकावा लागतो. पटवेकऱ्याला कोणी रेशमाचा भाव विचारून मजुरी दिली नव्हती.

आता काही जणी यंत्रमागावरचं सूत दागिन्यात आणू लागल्या आहेत. चादरीच्या कडेची दशी, कोनवर उरलेला रंगीत धागा, जेकार्डच्या नक्षीचा बोटभर तुकडा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा तुकडा कानात घातला तर गावाचं नाव सांगावं लागत नाही. यात एक अडचण येते. कापूस हवा धरून ठेवतो, त्यामुळे रेझिनमध्ये घातल्यावर बुडबुडे सुटतात आणि नक्षी गढूळ दिसते. त्यावर उपाय साधा आहे. तुकड्याला आधी पातळ फेविकॉलचा हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, उलटा करून परत एक हात द्यायचा आणि मगच साच्यात ठेवायचा.